शिकंजा, कात्री आणि दोऱ्याची नळी

तारीख सतरा नोव्हेंबर एकोणीसशे शहाण्णव, रविवार. रक्कम रुपये नऊशे चाळीस. जागा इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. हजर माणसं चार: मी, माझी बायको वसुधा, माझी थोरली बहीण मालतीताई आणि शेडचे मालक रमणीकभाई. लाभपाचम होऊन गेली होती, सुरतेचे धंदे पुन्हा उघडत होते, म्हणून रविवार असूनही शेडचं दार अर्धं वर होतं.

रमणीकभाईंनी टेबलावर हिरवं कापड पसरलं आणि एकेक अवजार त्यावर मांडलं. एक छोटा शिकंजा, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा. टोकदार कात्री. दोऱ्याचं रीळ धरणारी, पुढं बारीक नळी असलेली तारेची दुबेळकी. पिसाचं टोक पकडायचा चिमटा. लाकडी मुठीची सुई. शेवटची गाठ मारायची वाकडी आकडी. पिसांची टोकं सारखी करायची पितळी डबी. मेणाची वडी, वार्निशची बाटली.

"बेन, आ आखो सेट," ते म्हणाले. "नवशे चालीस."

ताईनं प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि आपल्या मराठीत विचारलं, "भाऊ, यातलं काय नसलं तर काम अडतं?"

रमणीकभाईंना मराठी येत नव्हतं, ताईला गुजराती येत नव्हतं, पण सुरतेत त्यानं कुणाचं काही अडत नाही. ते हसले. "आज सुधी कोईए एवुं पूछ्युं नथी. बधा पूछे के ओछुं केटलुं थशे." कमी किती होईल एवढंच सगळे विचारतात, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी तीन वस्तू अलीकडं ओढल्या. शिकंजा, कात्री, दोऱ्याची नळी. "आ त्रण. बाकी बधुं पछी."

तिन्हींचे मिळून चारशे दहा झाले. मी खिशात हात घातला, तोवर ताईनं पदराची गाठ सोडली होती.

हे आज लिहायचं कारण म्हणजे काल संध्याकाळी नदीकाठी पोंकाचे तंबू लागलेले दिसले. ज्वारीचं कोवळं कणीस निखाऱ्यात भाजून, झोडपून, हिरवे ओलसर दाणे विकणारे हे लोक थंडी पडली की येतात आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उलटलं की जातात. मी पाव किलो घेतला, बरोबर लिंबू-मिरीची शेव. पहिला घास तोंडात टाकला आणि मला वार्निशचा वास आला. पोंकाला वार्निशचा वास नसतो, हे मला माहीत आहे. पण त्या वर्षी आमच्या बाल्कनीत या दोन्ही गोष्टी एका स्टुलावर असायच्या, पोंकाची वाटी आणि वार्निशची बाटली, आणि माझ्या डोक्यात त्यांची जी सांगड बसली ती सोळा वर्षांत सुटलेली नाही.

काम काय होतं ते सांगतो. परदेशात नदीतले मासे धरायला काही लोक गांडूळ किंवा कणीक वापरत नाहीत. ते गळालाच पिसं आणि दोरा बांधून किडा बनवतात. पाण्यावर पडला की तो खऱ्या माशीसारखा दिसतो आणि मासा झडप घालतो. ही खोटी माशी हातानंच बांधावी लागते, यंत्रानं होत नाही. रमणीकभाई गळ आणि पिसं द्यायचे, नमुना द्यायचे, आणि तयार माल डझनावर घ्यायचे. शेडमध्ये दहा-बारा बायका बसायच्या. ज्यांना जमलं त्यांना घरी काम मिळायचं. हे मला आमच्या सुताच्या पेढीवर येणाऱ्या एका टेम्पोवाल्याकडून कळलं. मी तिथं हिशेब लिहायचो.

ताई तेव्हा चव्वेचाळीसची होती, मी छत्तिसाचा. मेहुणे गेल्यावर ती अमळनेरहून आमच्याकडं आली होती. मूलबाळ नव्हतं. रांदेर रोडच्या आतल्या गल्लीत एका दुमजली घराचा वरचा मजला आमच्याकडं भाड्यानं होता. दोन खोल्या, बाल्कनी, वर सगळ्या ओळीची जोडलेली गच्ची. खालच्या मजल्यावर घरमालकीण कांताबा एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान जरीचं काम करायचे, ते वारले होते. मुलं कतारगामला हिऱ्यांच्या धंद्यात, तिकडंच राहायची.

त्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, ताईचे धाकटे दीर नामदेवराव येऊन गेले. भला माणूस. आमच्यासाठी केळी घेऊन आले होते. चहा पिऊन झाल्यावर कपाकडं बघत म्हणाले, "वहिनी, आईला आता कूस बदलता येत नाही. माझ्या घरातली शाळेत नोकरी करते. तुम्ही आलात तर घर उभं राहील. संक्रांतीला न्यायला येतो."

ताईनं कप उचलले. ते गेल्यावर तिनं कप विसळले. वसुधानं मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना जायचं नाहीये हो. पण इथं राहा म्हणून आपण नुसतं म्हणून काय उपयोग? कोणत्या नात्यानं राहायचं ते त्यांना ठरवता यायला पाहिजे."

वसुधा असं बोलते तेव्हा मला अर्थ दोन दिवसांनी कळतो. त्या वेळी एवढंच कळलं, की ताईला स्वतःचं काहीतरी पाहिजे, आणि ते संक्रांतीच्या आत पाहिजे.

म्हणून इच्छापोर.

सुरुवात करणाऱ्याला खरोखर काय लागतं, हा प्रश्न मी त्यानंतर बऱ्याच बाबतीत स्वतःला विचारला आहे. मला सवय अशी, की यादी पूर्ण झाल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. ताईचं उलट. तीन वस्तू आणून तिनं शिकंजा बाल्कनीतल्या शिवणयंत्राच्या पाटीला आवळला आणि सकाळच्या उन्हात बसली. शिकंज्याच्या चोचीत गळ आडवा धरायचा. त्याच्या नेढ्याच्या मागून दोरा गुंडाळत वाकापर्यंत न्यायचा, एकाला एक लागून, जसं भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसं. हा झाला पाया. त्यावर शेपटीचे चार केस, मग लोकरीचं अंग, त्यावर चकाकती तार, आणि शेवटी कोंबड्याच्या मानेचं एक पीस देठाशी बांधून गोल फिरवायचं, म्हणजे त्याचे केस चहूकडं उभे राहतात. तेच माशीचे पाय. त्यांच्यावर ती पाण्यात तरंगते.

त्या नळीची गंमत मला फार आवडायची. दोऱ्याचं रीळ तारेच्या दोन पायांत धरलेलं असतं आणि दोरा नळीतून बाहेर येतो. हात सोडला की ती खाली लोंबते, आणि तिच्या वजनानंच दोरा ताणलेला राहतो. ताई मधेच उठायची, दूध उतू गेलं म्हणून धावायची, दार उघडायला जायची. परत येऊन बघावं तर काम जिथं सोडलं तिथंच, एक वेढाही सैल झालेला नसायचा. "हिच्यासारखी बाई घरात पाहिजे," वसुधा म्हणायची, "धरायलाही नको आणि सांगायलाही नको."

"आहे की," ताई म्हणायची, "तूच आहेस. फक्त तुझं तोंड नळीत बसत नाही."

बाकीची अवजारं घरातच निघाली. पिसाचं टोक धरायला मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मगरतोंडी चिमटी आणली. तिच्या दातांनी पीस तुटायचं, म्हणून ताईनं दातांना सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. लाकडी मुठीच्या सुईऐवजी गोधडीची सुई खडूच्या तुकड्यात खोचली. खडू फुटला, मग लाटण्याच्या तुटक्या मुठीत. शेवटची गाठ मारायच्या आकडीला तिनं आधी छत्रीची काडी वाकवून पाहिली, मग सोडून दिली आणि ती गाठ बोटांनीच शिकली. ही गाठ वेगळी. दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली जातं आणि ओढलं की आत नाहीसं होतं. बाहेर गाठ अशी दिसतच नाही. तिच्यावर लावायची वार्निशची बाटली तेवढी नंतर रमणीकभाईंकडून आली.

पहिले आठ-पंधरा दिवस सगळ्या माश्या वाया गेल्या. रमणीकभाईंच्या शेडमधल्या बाईनं, सविताबेन तिचं नाव, एक माशी उन्हाकडं धरून ताईला सांगितलं, "जगा रख. सब नया आदमी आगे तक भर देता है. फिर गांठ कहाँ मारेगा?" हे खरं होतं. गळावर जागा दिसते म्हणून माणूस लोकर भरतो, पीस फिरवतो, आणि नेढ्यापाशी पोचल्यावर कळतं, की शेवट करायला तिळाएवढीही जागा उरलेली नाही. मग दोरा नेढ्यात शिरतो आणि माल परत येतो. ताई त्यानंतर प्रत्येक गळाच्या पुढच्या टोकाला आधी नखानं खूण करायची. इथवर भरायचं, पुढचं मोकळं ठेवायचं.

खाली गल्लीत त्याच दिवसांत मांजा रंगवायला सुरुवात झाली. उत्तर प्रदेशातून आलेली माणसं दोन खांबांमध्ये दोऱ्याच्या शंभर लांब रेघा ओढायची आणि हातात गुलाबी लगदा घेऊन त्या रेघांवरून चालत जायची. लगद्यात कुटलेली काच. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. दुपारी ऊन तिरपं झालं, की सगळी गल्ली गुलाबी रेघांची दिसायची. ताई बाल्कनीतून बघायची. तिच्या बोटांनाही तोवर चिरा पडल्या होत्या, बारीक दोऱ्यानं. हळद लावून ती परत बसायची. खाली एक दोरा कापण्यासाठी तयार होत होता आणि वर एक धरून ठेवण्यासाठी, असं मला तेव्हा सुचलं होतं. मी ते वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "पेढीवर काम कमी आहे वाटतं हल्ली."

एक अडचण मात्र होती, आणि ती ताईची एकटीची. तिच्या सासरी महानुभाव पंथ. तिनं उपदेश घेतलेला. मांसमच्छी तर सोडाच, पाणीसुद्धा गाळून प्यायची. आणि रमणीकभाईंकडून येणारी पिसं ही कोंबड्याच्या मानेच्या वाळवलेल्या कातड्यासकट यायची, डांबरगोळ्या घालून. पहिल्या दिवशी तिनं ते पुडकं उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि संध्याकाळपर्यंत बाल्कनीत फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आली, हाताला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली, पिसं कातड्यापासून उपटून वेगळी केली, कातडं कागदात बांधून मला लांब टाकायला दिलं आणि पिसं रिठ्याच्या पाण्यात भिजत घातली. "कोंबडं मेलं ते काही माझ्यासाठी मेलं नाही," ती म्हणाली. "पण धुतल्याबिगर माझा हात लागायचा नाही."

शेडमध्ये कुणी पिसं धूत नाही. कातड्यावरच ठेवतात, लागेल तसं उपटतात. तीच पद्धत, आणि तिच्यात पिसं उडत नाहीत. ताई धुवायची आणि गच्चीवर वाळवायची. मच्छरदाणीच्या तुकड्याखाली, चार कोपऱ्यांना विटा. महिनाभर काही झालं नाही.

उत्तरायणाच्या आठवडाभर आधी वारा सुटला. सुरतेत त्या वाऱ्याची वाट सगळे बघतात. तो आला नाही तर लोक आजारी माणसाची करावी तशी त्याची चौकशी करतात. त्या दिवशी दुपारपासून सगळ्या गच्च्या भरल्या. कुठलातरी कापलेला पतंग आमच्या गच्चीवरून गेला, त्याचा मांजा मच्छरदाणीत अडकला, पतंगाच्या मागं धावणाऱ्या कुणीतरी तो ओढला, आणि मच्छरदाणी विटांसकट सरकली. चारपाचशे पिसं एकदम वर गेली. तांबडी, काळी, करडी. वसुधा कपडे काढायला गेली होती, तिनं पाहिलं. नंतर ती सांगायची, "इतकं सुंदर दिसलं म्हणून सांगू. आणि मग ती खाली बसायला लागली, आणि मी म्हटलं, मेलो."

ती पाच घरांच्या गच्च्यांवर बसली. तुळशींत, लोणच्याच्या बरण्यांच्या दादऱ्यांवर, आणि कांताबांनी धुऊन वाळत घातलेल्या वर्षाच्या साठ्यातल्या गव्हावर.

उत्तरायणाच्या दिवसांत मांज्यानं पक्षी जखमी होतात. गल्लीतली माणसं त्यांना टोपलीत घालून दवाखान्यात नेतात, हा इथला धर्मच. त्यामुळं आधी सगळ्यांना वाटलं, एखादं मोठं पाखरू कापलं गेलं. लोक शोधायला लागले. पाखरू सापडेना. मग शेजारच्या गच्चीवरच्या कुणीतरी पीस निरखून पाहिलं आणि म्हणालं, "आ तो मरघी छे."

मी पेढीवरून आलो तेव्हा कांताबा आमच्या दारात उभ्या होत्या. हातात कागद, कागदावर एक तांबडं पीस. त्यांच्या मागं जिन्यात आणखी तीन बायका. खोली देताना त्यांची एकच अट होती: कांदा-लसूण चालेल, मांसमच्छी नाही.

"प्रभाकरभाई," त्या म्हणाल्या, "मारा घरमां मरघी कापी?"

"बा," वसुधा आतून म्हणाली, "कांदा कापायला मला वेळ होत नाही, मी कोंबडी कधी कापू?"

जिन्यातली एक बाई हसली. कांताबा हसल्या नाहीत.

मी सांगायला तोंड उघडलं. पेढीवरचा टेम्पोवाला, निर्यात, रमणीकभाई, असं सगळं क्रमानं सांगावं म्हणून. ताई बाल्कनीतून आली. घरात ती माझ्याशी मराठीत बोलायची, पण आवाज चढला की आईची अहिराणी बाहेर यायची. "बापू, तू गप ऱ्हा. मन्हं काम शे ते. मी सांगस."

आणि तिनं कांताबांना हात धरून बाल्कनीत नेलं.

मी दारातून बघत होतो. ताईनं त्यांना शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसवलं, शिकंज्यात गळ लावला आणि एक माशी बांधायला घेतली. पाया, शेपटी, अंग. कांताबा कागद हातात धरून ताठ बसल्या होत्या. पीस फिरवून त्याचे केस उभे राहिले तेव्हा त्या किंचित पुढं झुकल्या.

"आ शेना माटे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ताई म्हणेल शोभेसाठी. म्हणता आलं असतं. शेडमधल्या बायका घरी तसंच सांगायच्या.

"मासे धरायला," ताई म्हणाली.

जिन्यातल्या बायकांपैकी एक "अरे राम" म्हणाली.

"पण ते लोक धरून परत सोडून देतात," ताईनं सांगितलं. हे रमणीकभाईंनी तिला सांगितलेलं. "म्हणून मी असेच गळ घेते, उलटा काटा नसलेले. दुसरे मी मागत नाही." तिनं तयार माशी शिकंज्यातून काढली, स्वतःच्या पदरात टोचली आणि अलगद बाहेर काढली. पदराला भोकही दिसलं नाही. मग पुन्हा टोचली, पुन्हा काढली.

कांताबांनी भुवया आवळल्या. "पकडीने छोडी दे?"

"हो."

"तो पकडे छे शुं काम?"

मग धरतात कशाला? ताईनं खरंच विचार केला. "ते मलाबी नाही कळलं, बा."

आधी जिन्यातली ती हसणारी बाई हसली. मग वसुधा. मग कांताबांच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि त्यांनी ते पदरानं झाकलं.

पण त्या हसल्या म्हणून प्रश्न सुटला असं नाही. जाताना तिचं खरं मानून म्हणाल्या, "मालती, तारी वात साची. पण मारा घऊं..." आणि खाली गेल्या. वर्षाच्या साठ्यातला गहू. त्यातून पिसं वेचून काढता आली असती, पण तो त्यांच्या देवाला चालणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कबुतरांच्या चबुतऱ्यावर पाठवून दिला. ताई खाली माफी मागायला गेली, तर दार बंद. ताईनं शिकंजा काढून कपाटावर ठेवला. संक्रांत चार दिवसांवर आली होती. मी दुसरीकडं जागा बघायचा विषय काढला, तर ती म्हणाली, "माझ्यापायी तुम्ही घर सोडायचं? त्यापेक्षा भाऊजी येतात त्यांच्याबरोबर जाते."

तिसऱ्या दिवशी दुपारी कांताबा वर आल्या. यावेळी एकट्या. बाल्कनीत गेल्या, रिकामी पाटी पाहिली आणि विचारलं, "मशीन क्यां गयुं?"

ताईनं कपाटाकडं बोट दाखवलं.

"काढ." मग त्यांनी तयार माश्यांच्या डबीतली एक उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि अंगावरच्या चकाकत्या तारेवर नख फिरवलं. "ते दिवसे ज मने थयुं. आ खोटी जरी छे. अने वींटी पण खोटी रीते छे. जो, वच्चे जगा देखाय छे." त्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं: खोटी जरी, आणि गुंडाळलीही चुकीची, मधे फट दिसते आहे. चाळीस वर्षं ज्या घरात जरी गुंडाळली गेली, त्या घरातल्या बाईला ती फट दोन दिवस झोपू देत नव्हती, असं मला वाटतं. त्या स्टुलावर बसल्या, ताईचा हात हातात घेतला आणि तार कशी कलती धरायची ते दाखवलं. पिसांना त्यांनी हात लावला नाही. पीस लावायची वेळ आली की तोंड फिरवून गल्लीकडं बघायच्या, झालं की परत वळायच्या.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. येताना वाटीत पोंक. तो आठवडा मला असा आठवतो: बाल्कनीत दोन बायका, एक गुजराती बोलतेय, दुसरी अर्धी अहिराणी, खाली गुलाबी दोरे, वर पतंगांचा गलका, आणि मधेच एखादं वाक्य, "ना ना, एम नहि, ढीलुं मूक," असं नाही, सैल सोड. कांताबा सांगायच्या यजमानांच्या गोष्टी. ताई सांगायची मेहुण्यांच्या. नवऱ्यांबद्दल विधवा बायका आपसात जे बोलतात ते बाहेरच्यानं ऐकू नये. मी ऐकलं नाही, पण हसू ऐकलं.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला इथं वासी उत्तरायण म्हणतात, भुसावळ पॅसेंजरनं नामदेवराव आले. तिळगूळ आणला होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आईजवळ आळीपाळीनं जागत होते. ताईनं त्यांना पोट भरून जेवायला वाढलं, उंधियूसकट. हात धुतल्यावर त्यांनी बाल्कनीतला पसारा पाहिला.

"पिसं बांधायचं काम?" ते म्हणाले. रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून. "वहिनी, आपल्या घरच्या माणसानं हे करायचं?"

"भाऊजी," ताई म्हणाली, "आत्याबाईंचं मी करीन. वैशाखात महिनाभर येईन, परत दिवाळीनंतर येईन. माझ्या पैशानं तिकीट काढून येईन आणि महिना झाला की माझ्या पैशानं परत येईन. कायमची नाही येणार."

"म्हणजे भावाकडं राहणार कायमचं?"

मी म्हणणार होतो, हो, राहील की. माझ्या मनात ते केव्हाच ठरलं होतं. संक्रांत टळली, काम मिळालं, ताई राहिली, एवढाच हिशेब होता माझा.

"नाही," ताई म्हणाली. "खाली राहणार. कांताबांच्या मागच्या खोलीत. त्यांच्याशी बोलून झालंय. तिथं खिडकी चौकात उघडते, वारा येत नाही, पिसं उडायची नाहीत."

नामदेवरावांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी वसुधाकडं. वसुधा पानदान आवरत होती. तिला माहीत होतं हे उघड होतं.

ती मागची खोली कांताबांच्या यजमानांची, जरीचं चाक ठेवायची. त्यांच्यानंतर बंद होती. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. आमच्या घरात ताईला कसलीही कमतरता नव्हती. वसुधानं तिला कधी शब्द लागू दिला नव्हता. त्या रात्री मी वसुधाला तेच म्हणालो. ती म्हणाली, "आपण चांगले आहोत म्हणूनच जमलं त्यांना सांगायला. वाईट असतो तर पळून गेल्या असत्या." आणि पाठ फिरवून झोपली. दोन दिवसांनी मला अर्थ कळला.

नामदेवराव दुसऱ्या दिवशी परतले. ताई त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेली. वैशाखात ती खरंच अमळनेरला जाऊन राहिली, आणि आत्याबाई जाईपर्यंत दर वर्षी जात राहिली.

काल पोंक घेऊन मी तिच्याकडं गेलो होतो. ताई साठीची झाली. माश्या बांधायचं काम रमणीकभाईंची शेड बंद झाली तेव्हाच सुटलं. पुढं तिनं मोत्यांच्या माळा ओवल्या, ब्लाउजवर टिकल्या लावल्या, आता डोळे दमतात म्हणून गल्लीतल्या मुलींना शिकवते. ते दिवस आठवतात का, असं मी विचारलं. ती दाणे निवडत म्हणाली, "थंडी फार होती त्या साली." मला थंडी आठवत नाही. मला वाऱ्यात वर जाणारी पिसं आठवतात, जी मी पाहिलीच नव्हती.

भाड्याचं सांगायचं राहिलं. कांताबा पैसे घ्यायला तयार नव्हत्या. "रूम तो बंद ज हती," त्यांचं म्हणणं. ताई म्हणाली, मग मी येत नाही. दोघी आठवडाभर अडून बसल्या. मी मधे पडून पहिल्या वर्षाचं भाडं देतो म्हणालो, तर दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या. शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला ताईनं सामान खाली नेलं, एक ट्रंक, एक वळकटी आणि शिकंजा, आणि रमणीकभाईंकडून आलेले पैसे कांताबांपुढं ठेवले. कांताबांनी चष्मा लावला. तीनशे रुपये, आजूबाजूला त्या मापाच्या खोलीला जे भाडं होतं तेच, मोजून घेतले. एक नोट फाटकी निघाली, ती परत करून बदलून मागितली. ताईनं बदलून दिली.